तीन आठवड्यांनी लागलेली आग : टक्कर झालेल्या एका हायब्रिड गाडीचे प्रकरण

हे प्रकरण कशाबद्दल आहे

चेपलेल्या हायब्रिड गाडीजवळ जाताना अग्निशमन दलातला जवान पहिला प्रश्न विचारतो तो विजेच्या धक्क्याचा. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर आता बऱ्यापैकी ठरलेले आहे. जखमींना बाहेर काढले, रस्ता मोकळा झाला, बंब ठाण्यात परतला, त्यानंतर ती गाडी कोणाच्या आवारात उभी राहते आणि तिच्या बॅटरीत शिल्लक असलेल्या विजेचे काय होते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. अमेरिकेत २०११ साली नेमका हाच दुसरा प्रश्न ऐरणीवर आला. त्या घटनेत कोणालाही इजा झाली नाही. टक्करही रस्त्यावरची नव्हती, चाचणीतली होती. तरीही अपघातस्थळी काम करणाऱ्या प्रत्येकाने ती बारकाईने पाहावी असे मला मनापासून वाटते, कारण सगळे नियम पाळूनही आग कशी लागू शकते हे तिच्यात पायरी-पायरीने दिसते.

यातल्या माणसांचा उल्लेख पदानेच केला आहे. गाडी, कंपनी आणि सरकारी संस्था सार्वजनिक नोंदीत आहेत, म्हणून त्यांची नावे दिली आहेत.

पार्श्वभूमी

शेव्हरोले व्होल्ट ही जनरल मोटर्सची प्लग लावून चार्ज करता येणारी हायब्रिड गाडी. डिसेंबर २०१० मध्ये ती अमेरिकेत ग्राहकांच्या हाती पडू लागली. १.४ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि जोडीला १६ किलोवॅट-तासांची लिथियम-आयन बॅटरी. प्लग नसलेल्या साध्या हायब्रिडमध्ये ही क्षमता एक-दीड किलोवॅट-तासाच्या घरात असते, त्या मानाने हा पॅक चांगलाच मोठा होता. त्यात २८८ सेल होते आणि वजन दोनशे किलोच्या आसपास. पॅकचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा : लांब भाग दोन्ही पुढच्या सीटच्या मधून गेलेला, आडवा भाग मागच्या सीटखाली. गाडीच्या मध्यावर असल्यामुळे तो टकरीत सहसा सापडणार नाही, असा त्यामागचा विचार.

सेल ठरावीक तापमानात राहावेत म्हणून पॅकमधून कूलंट, म्हणजे थंड ठेवणारा द्रव, फिरवलेला होता. रेडिएटरमध्ये घालतात तसाच, ग्लायकॉल आणि पाण्याचा. हा कूलंट पुढे महत्त्वाचा ठरतो.

बचाव पथकांना हायब्रिड गाड्या तेव्हा नवख्या नव्हत्या. टोयोटा प्रियस अमेरिकेत २००० पासून होती आणि तिच्यामुळे कामाची एक रीत बसलेली होती. चाकांखाली अडथळा लावायचा, कारण इंजिनचा आवाज नसला तरी गाडी चालू असू शकते आणि ॲक्सिलरेटरवर पाय पडला तर पुढे सरकू शकते. गाडी बंद करायची आणि स्मार्ट किल्ली निदान पाच मीटर लांब न्यायची. १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीची जोडणी काढायची किंवा कापायची. ती गेली की मोठ्या बॅटरीच्या तोंडाशी असलेले रिले, म्हणजे आपोआप चालणारे स्विच, उघडतात आणि उच्च दाबाचा प्रवाह पॅकच्या आतच अडतो. तरी मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, काही काळ वीज राहते. टोयोटाच्या मार्गदर्शिका त्यासाठी दहा मिनिटांपर्यंतची मुदत सांगतात आणि एअरबॅगसाठी दीड मिनिटाची. उच्च दाबाच्या नारिंगी केबलला कटर लावायचा नाही.

व्होल्ट बाजारात येण्याआधीच, २०१० मध्ये, कंपनीने अग्निशमन दलांसाठी प्रशिक्षणाचे कार्यक्रम सुरू केले होते. म्हणजे तयारीच नव्हती असे म्हणता येणार नाही. पण ही सगळी तयारी अपघातस्थळावरच्या अर्ध्या-पाऊण तासाची होती.

काय घडले

१२ मे २०११ रोजी राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएचटीएसएने, विस्कॉन्सिन राज्यातल्या एका चाचणी केंद्रात व्होल्टची बाजूच्या टकरीची चाचणी घेतली. ही चाचणी कठोर असते. गाडी आडवी सरकवत ताशी ३२ किलोमीटरच्या वेगाने एका उभ्या लोखंडी खांबावर नेतात. विजेच्या खांबावर किंवा झाडावर घसरून आदळलेल्या गाडीचे जे होते ते इथे होते : सगळा जोर दरवाजाच्या अरुंद पट्टीवर येतो. त्यानंतर गाडी आडव्या अक्षाभोवती टप्प्याटप्प्याने उलटी करून काही गळते का ते पाहिले गेले.

प्रवाशांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने निकाल उत्तम होता, गाडीला पाच तारे मिळाले. पण खांबाच्या दाबाने गाडीच्या सांगाड्याचा एक आडवा भाग आत सरकून बॅटरीच्या कवचात घुसला होता आणि कूलंटची वाट फुटली होती. गाडी केंद्राच्या उघड्या आवारात, चाचणी झालेल्या इतर गाड्यांच्या रांगेत नेऊन ठेवली. बॅटरीतला चार्ज कोणी उतरवला नाही.

सुमारे तीन आठवड्यांनी, जूनच्या सुरुवातीला, ती गाडी जळालेली सापडली. शेजारच्या तीन गाड्याही तिच्याबरोबर जळाल्या होत्या.

कारण शोधताना

तीन आठवडे शांत उभी असलेली गाडी आपणहून पेटते, यावर पटकन विश्वास बसत नाही. तपासात आगीचा उगम व्होल्टमध्येच असल्याचे निष्पन्न झाले, पण ती नेमकी कशी लागली हे दाखवणे सोपे नव्हते. संस्थेने आणि कंपनीने अख्ख्या गाडीवर तशीच टक्कर घडवून, ती उलटी करून पाहिली, तेव्हा आग लागली नाही.

मग नोव्हेंबरमध्ये ऊर्जा आणि संरक्षण खात्यांच्या मदतीने व्हर्जिनियातल्या एका संरक्षण केंद्रात फक्त बॅटरी पॅकवर प्रयोग झाले. कवच मुद्दाम भोसकायचे, कूलंटची वाट फोडायची आणि मग पॅक उलटा करायचा. १६ नोव्हेंबरच्या पॅकला काही झाले नाही. १७ नोव्हेंबरच्या पॅकचे तापमान काही वेळ वाढले आणि खाली आले. १८ नोव्हेंबरचा पॅक उलटा केल्यावर थोड्याच वेळात धुमसू लागला, ठिणग्या उडाल्या. आणि तापमान खाली आलेला १७ तारखेचा तो पॅक, ज्यावर सतत नजर होती, तो २४ नोव्हेंबरला पेटला. आठवडाभराने.

बचाव पथकांनी लक्षात ठेवावा असा या सगळ्या तपासातला भाग माझ्या मते हाच आहे. एकाच पद्धतीने इजा केलेले तीन पॅक तीन तऱ्हांनी वागले. त्यातला एक गरम झाला, निवला आणि सात दिवसांनी पेटला. थर्मल कॅमेऱ्यात आकडा उतरताना दिसला म्हणून धोका टळला असे मानणाऱ्याची इथे फसगत झाली असती.

आत काय घडत होते ते पाहण्यासारखे आहे. फुटलेल्या वाटेतून गळलेला कूलंट आधी पॅकच्या तळाशी साचला. गाडी उलटी झाल्यावर तो वरच्या बाजूच्या सर्किट बोर्डांवर आला. गाडी पुन्हा सरळ झाली, कूलंट बराचसा ओघळून गेला, पण बोर्डावर त्याचा थर राहिला. दिवस गेले तसे त्यातले पाणी उडाले आणि मागे क्षारांचे स्फटिक उरले. ज्या दोन बिंदूंमध्ये वीज कधीच वाहू नये, त्यांच्यामध्ये त्या स्फटिकांनी वाट तयार केली. सेल भरलेले असल्याने त्या वाटेने प्रवाह सुरू झाला, उष्णता साठत गेली आणि एका हद्दीनंतर जवळच्या सेलमधली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागली. एक सेल असा बिघडला की तो शेजारच्याला तापवतो आणि मग साखळी थांबवणे अवघड होते.

या साखळीसाठी टक्कर, गळती, उलटणे आणि वेळ या चारही गोष्टी लागल्या. आणि पाचवी, सगळ्यात महत्त्वाची : बॅटरी भरलेली असणे.

मूळ अडचण

वर सांगितलेल्या रीतीने १२ व्होल्टची जोडणी तोडली की पॅकबाहेरच्या केबलमधली वीज जाते. आतली जात नाही. गच्चीवरच्या टाकीचा नळ बंद केला म्हणून टाकी रिकामी होत नाही, तसेच हे आहे. कापणाऱ्या जवानाचा जीव वाचवायला नळ बंद करणे पुरते. आवारातल्या रखवालदारासाठी ते पुरत नाही.

आश्चर्य वाटावे अशी गोष्ट म्हणजे पेट्रोलच्या बाबतीत हे शहाणपण कधीच रुजले होते. अमेरिकेतल्या अशा चाचण्यांमध्ये टाकीत पेट्रोल भरत नाहीत, सहज पेट न घेणारे स्टॉडार्ड सॉल्व्हंट भरतात. म्हणजे साठवलेली ऊर्जा हाच धोका, हे तत्त्व मान्य होते. बॅटरीला ते लावले गेले नव्हते.

जनरल मोटर्सच्या अभियंत्यांकडे टकरीनंतर बॅटरीचा चार्ज उतरवण्याची स्वतःची पद्धत होती. मे महिन्यात ती एनएचटीएसएपर्यंत पोचलेली नव्हती. ज्या अग्निशमन दलांना कंपनीने शिकवले, त्यांच्याही हातात तिची साधने नव्हती. कंपनीने पुढे सांगितले की ती पद्धत वापरली असती तर आग लागली नसती. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण जी पद्धत फक्त कंपनीच्या प्रयोगशाळेला माहीत आहे, तिचा आवारात उभ्या गाडीला काय उपयोग?

समोर कोणते पर्याय होते

जूनमध्ये, आगीचा उगम कळल्यावर, संस्थेपुढे निरनिराळ्या वाटा होत्या. एक, हा एकटा-दुकटा प्रकार समजून नोंद करून सोडून द्यायचा. दुसरी, कारण सापडेपर्यंत जाहीर काहीच बोलायचे नाही, आधी आग पुन्हा लावून दाखवायची. तिसरी, कारण माहीत नसतानाही अग्निशमन दले, टोइंगवाले आणि भंगार आवारे यांना लगेच साधी सूचना द्यायची : जोराने आदळलेली ही गाडी इतर गाड्यांपासून आणि इमारतींपासून लांब ठेवा, आणि कंपनीला कळवा.

प्रत्यक्षात दुसरी वाट निवडली गेली. औपचारिक चौकशी जाहीर झाली ती २५ नोव्हेंबर २०११ रोजी, मधल्या प्रयोगांत एक पॅक धुमसल्यावर आणि दुसरा पेटल्यावर. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, तेव्हा या पाच-साडेपाच महिन्यांच्या मौनावरच सर्वाधिक टीका झाली.

मौनाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, आणि ते मी टाळणार नाही. रस्त्यावरच्या एकाही खऱ्या अपघातात व्होल्टला अशी आग लागल्याचे संस्थेला आढळले नव्हते. तंत्रज्ञान नवे होते. एका अस्पष्ट घटनेवरून इशारा दिला असता तर लोकांनी चालत्या गाडीचीच धास्ती घेतली असती. पण इथे दोन वेगळे इशारे एकमेकांत गुंतवले गेले. ‘ही गाडी घेऊ नका’ हा ग्राहकाला इशारा, त्याला पुरावा लागतो. ‘टक्कर झालेली ही गाडी अंतर राखून ठेवा’ ही आवारवाल्याला सूचना, तिला खबरदारी पुरते. दुसऱ्या सूचनेची किंमत म्हणजे थोडीशी रिकामी जागा. पहिला इशारा द्यायला वेळ हवा होता म्हणून दुसरीही अडकून पडली, ही या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक असे माझे मत आहे.

आग लागल्यानंतर पथकाने काय करावे, यावरही तेव्हा एकमत नव्हते. पाण्याने विजेचा धक्का बसेल का? पावडर किंवा फोम चालेल का? जळू द्यावे का? याचे उत्तर प्रयोगांनी पुढे दिले, त्याकडे वळतो.

काय केले गेले

नोव्हेंबरअखेर कंपनीने जाहीर केले की गाडीतल्या ऑनस्टार यंत्रणेवरून मोठ्या टकरीची खबर येते, आणि ती आली की कंपनीचे पथक जाऊन बॅटरीचा चार्ज उतरवेल. ज्या ग्राहकांना काळजी वाटत होती त्यांना तात्पुरती दुसरी गाडी देऊ केली, पुढे गाडी परत घेण्याचीही तयारी दाखवली.

५ जानेवारी २०१२ रोजी गाडीतले बदल जाहीर झाले. बॅटरीच्या कवचाभोवतीचा सांगाडा मजबूत करून जोर पसरेल अशी रचना, कूलंटची पातळी घटली की कळवणारा सेन्सर, आणि टाकीत गरजेपेक्षा जास्त कूलंट भरता येऊ नये म्हणून एक ब्रॅकेट. ग्राहकांकडच्या आणि विक्रेत्यांकडच्या मिळून सुमारे १२,००० गाड्यांसाठी हा कार्यक्रम होता. बदल केलेल्या गाडीची डिसेंबरमध्येच पुन्हा खांबाची चाचणी झाली होती, कवच शाबूत राहिले होते आणि गळती झाली नव्हती.

बचाव पथकांच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे काम म्हणजे एनएचटीएसएने काढलेली अंतरिम मार्गदर्शक सूचना. तिची भाषा साधी होती. उच्च दाबाची बॅटरी नेहमी चालू आहे असेच समजा. पेटली तर भरपूर पाणी वापरा आणि बराच वेळ वापरत राहा. इजा झालेल्या लिथियम-आयन बॅटरीची गाडी छताखाली ठेवू नका, आणि कोणत्याही इमारतीपासून, गाडीपासून किंवा पेट घेणाऱ्या वस्तूपासून ५० फुटांच्या आत ठेवू नका. ५० फूट म्हणजे सुमारे १५ मीटर. शिवाय ही सूचना अग्निशमन दलाबरोबरच टोइंगवाल्यासाठी आणि गाडी साठवणाऱ्यासाठीही होती. गाडी ज्यांच्या हातून जाते त्या सगळ्यांना एका कागदावर आणणे, हे मे २०११ मध्ये झाले नव्हते.

पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या संशोधन संस्थेने हायब्रिड गाड्यांच्या पॅकना पूर्ण आकारात आग लावून, खऱ्या जवानांकडून ती विझवून घेतली. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. छोट्या, ४.४ किलोवॅट-तासांच्या पॅकला सुमारे १,००० ते ४,००० लिटर पाणी लागले. १६ किलोवॅट-तासांच्या पॅकला कमाल १०,००० लिटरच्या जवळपास. नोझल धरणाऱ्या जवानापर्यंत धोकादायक प्रवाह पोचला नाही. एक पॅक विझल्यानंतर जवळपास २२ तासांनी पुन्हा पेटला.

पाणी इतके का लागते, हे एकदा समजले की हिशेब डोक्यात राहतो. आग कवचाच्या आत असते आणि कवच पाणी आत येऊ नये म्हणूनच बनवलेले असते. बाहेरून मारलेले पाणी ज्वाळा दाबते, पण सेल निवायला ते कवचाला धरून सतत उष्णता ओढत राहावे लागते. म्हणूनच पॅकमध्ये भोक पाडून पाणी घालण्याचा मोह जवानाने आवरायचा असतो : चुकीच्या जागी पहार गेली तर नवे शॉर्ट सर्किट होते.

निष्पत्ती

२० जानेवारी २०१२ रोजी संस्थेने चौकशी बंद केली. गाड्यांमध्ये एकच दोष वारंवार दिसत नाही आणि पेट्रोलच्या गाड्यांपेक्षा अशा गाड्यांना आगीचा धोका अधिक आहे असे मानायला आधार नाही, असा तिचा निष्कर्ष होता. गाडीचे रचनेतले दुखणे बरे झाले.

कार्यपद्धतीतले दुखणे मात्र पुरते बरे झाले नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने विजेवरच्या गाड्यांच्या आगींचा अभ्यास पूर्ण केला. त्यात उत्पादकांच्या बचाव-मार्गदर्शिका तपासल्या होत्या, आणि अडकून राहिलेल्या विजेचे काय करायचे याबद्दल त्या अपुऱ्या असल्याचे मंडळाने नोंदवले. त्यातल्या एका प्रकरणात, कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे २०१८ साली आदळलेल्या गाडीची बॅटरी आवारात पोचल्यावर पुन्हा धुमसली, आणि अपघाताच्या पाच दिवसांनी परत पेटली. विस्कॉन्सिनचीच गोष्ट, सात वर्षांनी, खऱ्या रस्त्यावर.

वेगळे काय करता आले असते

मे महिन्यातला निर्णय आज अगदी साधा वाटतो. कवच फुटलेले आणि कूलंट गळलेला दिसत असताना गाडी इतरांच्या रांगेत लावायला नको होती. चार्ज उतरवायची सोय नसली तरी मोकळी जागा होती. तीन शेजारच्या गाड्या नक्की वाचल्या असत्या.

कंपनीने चार्ज उतरवण्याची पद्धत चाचणी घेणाऱ्या संस्थेला गाडीबरोबरच द्यायला हवी होती. इथे एक मर्यादा मान्य केली पाहिजे : फुटलेल्या पॅकचा चार्ज दर वेळी उतरवता येत नाही. जोडणीची जागाच चेपलेली असू शकते, आणि चुकीच्या हातांनी केलेला प्रयत्न स्वतःच धोका ठरतो. म्हणून ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच. पथकाचे काम त्याला बोलावणे आणि तो येईपर्यंत अंतर राखणे.

तिसरी गोष्ट हस्तांतराची. अपघातस्थळी जवानाला जे दिसते, म्हणजे कुठे मार बसला, गाडी उलटली होती का, पाण्यात गेली होती का, बॅटरीच्या बाजूने बुडबुड्यांसारखा किंवा फटफट असा आवाज आला का, गोडसर वास किंवा पांढरा धूर होता का, हे सगळे क्रेनवाल्याला कळतच नाही. तो पांढरा धूर वाफ समजून लोक तोंड घालतात, पण त्यात पेट घेणारे आणि विषारी वायू असतात, श्वसनयंत्राशिवाय जवळ जाऊच नये. ही माहिती एका चिठ्ठीवर लिहून गाडीच्या काचेवर चिकटवली तरी पुढचे तीन-चार हात सावध होतात.

आपल्या रस्त्यांवर

व्होल्ट भारतात विकली गेली नाही. पण हायब्रिड गाड्या महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर आता रोज दिसतात : इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड व्हिटारा, सिटीची हायब्रिड, कॅमरी. यांचे पॅक व्होल्टच्या तुलनेत फार छोटे आहेत. हायक्रॉसमध्ये तर निकेल-मेटल हायड्राइड आहे, जिचे वागणे लिथियम-आयनपेक्षा सौम्य असते. म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. ओळखण्याची अडचण मात्र आपल्याकडे जास्त आहे. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीला २०१८ पासून हिरवी नंबरप्लेट आहे, ती लांबूनच कळते. हायब्रिडला नेहमीचीच पांढरी. मागच्या दारावर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेल्या कित्येक गाड्यांमध्ये उच्च दाबाची बॅटरीच नसते, सगळे काम १२ व्होल्टवर चालते. उलट खरी हायब्रिड मागून चेपली की तिचा बिल्लाच निघून जातो. अशा वेळी बॉनेटखाली किंवा गाडीच्या तळाशी नारिंगी केबल दिसते का, आणि डॅशबोर्डवर गाडी चालू असल्याचे सांगणारा ‘रेडी’ दिवा आहे का, हेच दोन पुरावे उरतात.

द्रुतगती मार्गावरची देवदूत पथके, महापालिकांचे आणि नगरपालिकांचे अग्निशमन दल, १०८ ची रुग्णवाहिका, हे सगळे पहिल्या अर्ध्या तासात असतात. नेहमीचा बंब साधारण साडेचार-पाच हजार लिटरचा. मोठ्या पॅकची आग म्हणजे निदान दोन बंबांचे पाणी, आणि घाटात ते कुठून आणायचे हे आधी ठरवलेले असावे लागते.

मला खरी काळजी त्यानंतरची वाटते. गंभीर अपघातातली गाडी पोलीस जप्त करतात. मग मोटार वाहन निरीक्षकाची तपासणी, विमा कंपनीचा सर्व्हेअर, न्यायालयातून सुपूर्दनामा. तोवर ती ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभी. तिथे जप्त दुचाकी, रिक्षा, टेम्पो एकमेकांना खेटून असतात, टाक्यांमध्ये पेट्रोल असते, आणि कित्येक ठिकाणी भिंतीपलीकडे पोलीस वसाहत असते. १५ मीटरचे अंतर अशा आवारात सापडत नाही. प्रत्येक ठाण्यात ते निर्माण करता येणार नाही, हे उघड आहे. पण तालुक्याला एक मोकळी जागा ठरवून, चेपलेल्या बॅटरीच्या गाड्या तेवढ्या तिथे न्यायला कुठलाही नवा कायदा लागत नाही.

पुराचाही विचार हवा. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात न्यूजर्सीच्या बंदरात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या फिस्कर कर्मा या हायब्रिड गाड्यांपैकी सोळा जळाल्या. कंपनीच्या तपासात ठिणगीचे मूळ मोठ्या बॅटरीत नव्हे, तर मिठाचे पाणी शिरलेल्या १२ व्होल्टच्या नियंत्रण यंत्रात सापडले. चिपळूण आणि महाडमध्ये २०२१ च्या जुलैत किती गाड्या पाण्याखाली होत्या ते कोकणाने पाहिले आहे. चिपळूणला तर भरतीचे पाणी वाशिष्ठीच्या खाडीतून वर येते. पुन्हा तशी वेळ आली, तर ओसरलेल्या पाण्यातून काढलेली हायब्रिड स्टार्ट करून पाहू नये, ती गॅरेजच्या शेडमध्ये ढकलू नये, आणि पंचनाम्यात ‘बॅटरी पाण्यात बुडालेली, चार्ज उतरवलेला नाही’ अशी एक ओळ लिहावी, म्हणजे ती पुढे ज्याच्या ताब्यात जाईल त्याला वाचता येईल.